तारीख

शिवाजीनगर कोर्टात मागच्या जिन्याखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली
रद्द झालेल्या कुठल्याशा कायद्याचं पान, चौघडी घातलेलं.
तिथे तो तीनदा आला
आणि तिन्ही वेळा चहा पिऊन गेला.
चौथ्यांदा म्हणाला, मॅडम, मुदत संपली असेल ना?

मुदत दुधाच्या पिशवीला असते, मी म्हटलं.
याला नाही.

इथे त्याला सतपाल म्हणू.
नाव त्यानंच निवडलं, हसत,
गल्लीतल्या एका पैलवानावरून.
वय चोवीस. हडपसरचा. टेम्पो चालवतो,
पहाटे मार्केट यार्ड, मेथी, कोथिंबीर, शेपू.
तेव्हा पंधराचा होता.
एक मोबाईल चोरला होता. हो, चोरला होता,
हे तो विचारायच्या आधीच सांगतो,
जणू पुढचं सगळं त्याच मोबाईलच्या बिलात धरलं होतं.

नदीपलीकडचं निरीक्षणगृह.
मी अर्ज लिहायला घेतला.
आरोपीचे पदनाम : काळजीवाहक.
पेन तिथेच अडकलं.
निदान शब्दानं तरी लाजायचं.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले.
जे सांगितलं ते या कवितेत नाही.
ते पाकिटात आहे, लाखेखाली,
आणि ज्यांनी वाचायला हवं
त्यांनीच ते वाचावं.

रकाना सहावा : घटनेची तारीख.
तो पंख्याकडे बघत राहिला.
तिथे कॅलेंडर नव्हतं, मॅडम. विमानं होती.
लोहगावला उतरणारं शेवटचं विमान
डोक्यावरून जायचं, पत्रे थरथरायचे,
मग किल्ल्या वाजायच्या.
पहाटेचं पहिलं विमान आलं
की म्हणायचो, चला, झाली रात्र.
आणि मग एकदा किती तरी दिवस विमानंच आली नाहीत.
किल्ल्या आल्या.
रात्र कुठे संपते तेच कळेना.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला.
दीड महिन्यानं उत्तर आलं :
धावपट्टीच्या कामास्तव
सायंकाळ ते सकाळ उड्डाणे बंद,
दिनांक नऊ ते सतरा नोव्हेंबर. वर्षही होतं.
शिक्का वाकडा, सही गिचमीड.
तांबोळी कारकुनानं तो कागद वाचला,
चष्मा पुसला, दोन झेरॉक्स काढून आणल्या
आणि पैसे घेतले नाहीत.

रकाना भरला.
परिशिष्ट क : न आलेली विमानं.

फी किती?
काही नाही, विधी सेवेतून आहे, फुकट.
तो खुर्चीतून अर्धा उठला.
फुकट नको. तिथेही एकजण
बिस्किटाचा पुडा फुकट द्यायचा.

मला हे आधी सुचायला हवं होतं.
वीस वर्षं झाली या जिन्याखाली.

दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीची जुडी आणली त्यानं,
दव अजून वाळलं नव्हतं.
मी पावती केली. एक जुडी, पोहोचली.
वर त्याचं नाव लिहिलं, खरं, वडिलांच्या नावासकट,
कारण बाकी सगळ्या कागदांवर ते झाकलेलं राहणार,
तुझ्या भल्यासाठीच, असं मी समजावलं होतं
आणि तो म्हणाला होता, तिथेही नाव नव्हतं. चौदा नंबर.
पावती त्यानं दोनदा वाचली.
लायसनच्या मागे सरकवली.

मग नेहमीचं.
बावीस तारीख, साहेब रजेवर.
एकोणतीस, आरोपीच्या वकिलांचा दात.
पुढच्या महिन्याची सहा, आरोपी आजारी,
पेन्शनरांच्या दवाखान्याचं सर्टिफिकेट.
दर तारखेला सतपालचा खाडा, दिवसाची कमाई बुडाली.
मी एकदा म्हटलं, कंटाळलास तर सांग.
म्हणाला, टेम्पो पंक्चर होतोच की.

शेवटी बंद दाराआड त्याची साक्ष सुरू झाली.
मध्ये पडदा. पलीकडे कोणी तरी खोकलं.
तो तिसऱ्या वाक्यावर होता
तेवढ्यात वरून विमान गेलं, कोर्टाच्या काचा वाजल्या.
स्टेनोची बोटं थांबली.
न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं.
मी उठणार होते.

आवाज पाषाणच्या बाजूला विरेपर्यंत
तो थांबला.
मग म्हणाला, हां, तर